मोस्तार राहू दे, स्टोनवरून जा

वाचकाचं पत्र

काका, नमस्कार. आम्ही अडीच वर्षांपासून इंगोलश्टाटला राहतो. माझ्याकडे ऑफिसनं दिलेली लीझची गाडी आहे आणि गेल्या वर्षी मी जर्मन लायसन्सही काढलं. जूनच्या शेवटी साताऱ्याहून आई-बाबा येताहेत. ते दोघं, आम्ही दोघं आणि पाच वर्षांचा मुलगा असे बारा दिवस क्रोएशियाला जाणार आहोत: स्प्लिट, डुब्रोव्हनिक आणि जमलंच तर एक दिवस बोस्नियातलं मोस्तार. नवऱ्याकडे भारतीय लायसन्स आहे. दिवाळीत गेला होता तेव्हा त्यानं आरटीओतून इंटरनॅशनल परमिटही काढून आणलं, म्हणजे निम्मं अंतर तो चालवेल. बाबा एस.टी.त 28 वर्षं ड्रायव्हर होते. त्यांनाही एकदा ऑटोबानवर हात साफ करायचाय. इथल्या मराठी ग्रुपवर कुणीतरी 31 वस्तूंची यादी टाकली आहे. ती सगळी घेतली तर माणसं कुठे बसवायची? नेमकं काय लागतं ते सांगा.

उत्तर

तुझी यादी वाचली. एकतीसपैकी अकरावी वस्तू बर्फाच्या साखळ्या आहेत. जूनच्या शेवटी क्रोएशियातल्या डाल्मेशियाच्या किनाऱ्यावर साखळ्या कशाला बांधायच्या, ते यादी करणाऱ्यालाच ठाऊक. मला जास्त खटकलं ते हे, की एकतीस वस्तूंत आई-बाबांच्या व्हिसाचा उल्लेख नाही आणि कंपनीच्या पत्राचाही नाही. तुमची सहल अडलीच तर या दोन कागदांवर अडेल. गाडी बंद पडल्यावर मागे ठेवायचा त्रिकोण तर पेट्रोल पंपावरही मिळतो.

बाबांना विचार, आगारातून गाडी काढताना ते आधी काय बघायचे. रस्त्यावर गाडी निघते तेव्हा गाडी, तिचा मालक, ती चालवणारा आणि तिच्यात बसणारे, अशा चौघांचे कागद लागतात. बहुतेक घरांत यातले तिघे एकच असतात, त्यामुळे हा हिशेब कुणाच्या ध्यानात येत नाही. तुझ्याकडे चौघेही वेगळे आहेत. गाडी लीझ कंपनीची, वापरायला दिलेली ऑफिसनं, चालवणारी तू आणि बसणारे दोन वेगळ्या प्रकारच्या परवान्यांवर.

बसणाऱ्यांपासून सुरू करतो, कारण तिथे चूक झाली तर ती पैशांनी सुटत नाही. आई-बाबांच्या पासपोर्टवरचं व्हिसाचं स्टिकर उघड आणि किती वेळा प्रवेश करता येईल तो रकाना बघ. तिथे '01' आहे की 'मल्ट'? क्रोएशिया 1 जानेवारी 2023 ला शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आला आणि त्याच दिवशी तिथे युरोही आला. म्हणजे जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, क्रोएशिया हा सगळा पट्टा आई-बाबांच्या व्हिसात बसतो. बोस्निया त्यात नाही. '01' असेल आणि तुम्ही मोस्तारला गेलात, तर तो एक प्रवेश तिथेच संपला. संध्याकाळी परत येताना नाक्यावर तुमची रेसिडेन्सची कार्डं चालतील, आई-बाबांचा व्हिसा चालणार नाही. तुम्ही तिघं आत आणि ते दोघं बॅगा घेऊन बाहेर. ही वेळ कल्पनेतसुद्धा नको.

'मल्ट' असला तरी मी या खेपेला मोस्तार सोडून देईन. त्यांचा प्रवास विमा शेंगेनपुरता असेल, तर नाका ओलांडल्यावर तो उपयोगाचा नाही. बोस्नियात शिरायचे नियम वेगळे. शिवाय लीझची गाडी तिकडे न्यायला कंपनी हो म्हणेलच असं नाही. मोस्तारचा तो जुना पूल सुंदर आहे, वादच नाही. 1566 चा, 1993 च्या लढाईत पडलेला आणि 2004 मध्ये पुन्हा उभा केलेला. तो तिथेच राहील. तुम्ही दोघं नंतर कधी शनिवार-रविवार विमानानं जा.

आता याच मुद्द्याला चिकटलेली एक बारीक मेख. स्प्लिटहून डुब्रोव्हनिकला जाताना क्रोएशियाचा किनारा मध्येच तुटतो. तिथे नेउम नावाच्या गावापाशी नऊएक किलोमीटरची पट्टी बोस्नियाची आहे. पूर्वी सगळे तिथूनच जायचे, दोन नाके आणि दोन रांगा करत. 26 जुलै 2022 ला पेल्येशात्स या द्वीपकल्पावर जाणारा पूल सुरू झाला, चोवीसशे मीटर लांबीचा, आणि आता क्रोएशिया न सोडता पलीकडे जाता येतं. पण मोबाइलमधला नकाशा व्हिसा बघत नाही, तो मिनिटं बघतो, आणि तुला जुन्या रस्त्यानं नेउममध्ये नेऊन उभं करू शकतो. म्हणून थेट 'डुब्रोव्हनिक' टाकू नकोस. मध्ये 'स्टोन' हा थांबा टाक. स्टोन पेल्येशात्सवरच आहे आणि पुलावरून येणारी वाट त्याच्याजवळूनच जाते. पण नेउमवरूनही तिथे पोचता येतं, तेव्हा नकाशावरची रेघ पुलावरूनच जातेय ना, तेही बघ. गाव छोटं, मिठागरांचं. डोंगरावर चढत गेलेली जुनी तटबंदी आहे. साताऱ्याच्या माणसाला तट दिसला की तो गाडी थांबवायला लावणारच, तेवढा वेळ धरून ठेव.

शेंगेन आहे म्हणजे कुणी अडवणार नाही, असं मात्र समजू नकोस. जर्मनीनं ऑस्ट्रियाच्या हद्दीवर 2015 पासून तपासणी ठेवली आहे आणि स्लोव्हेनियानं ऑक्टोबर 2023 मध्ये क्रोएशियाच्या हद्दीवर पुन्हा सुरू केली. पाचही पासपोर्ट मूळ प्रतीतले, तुमची तिघांची रेसिडेन्सची कार्डं आणि आई-बाबांच्या विम्याची छापील प्रत हे सगळं एका पाकिटात, हाताशी ठेव. मुलाचा पासपोर्ट कधी संपतो ते आजच बघ. मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांचे असतात आणि तुझा मुलगा पाच वर्षांचा आहे.

आता मालक. गाडीचा फाहरत्सॉइगशाइन, म्हणजे आपल्या भाषेत आरसी, तुझ्याकडे असणार. तो मूळ कागदच बरोबर हवा. फोटो चालत नाही, आणि आता मोबाइलवर जो डिजिटल मिळू लागलाय तो जर्मनीबाहेर धरत नाहीत. दुसरा, मालकीचा मोठा कागद लीझ कंपनीकडे असतो. तो मागायचाही नाही आणि गाडीत ठेवायचा तर मुळीच नाही. पण आरसीवर नाव तुझं नाही, हे नाक्यावरच्या पोलिसाला दिसतं. म्हणून ऑफिसच्या गाड्या बघणाऱ्या विभागाकडून पत्र घे: अमुक नंबरची, अमुक चेसिस नंबरची गाडी, अमुक पासपोर्टधारक बाईंना, या तारखांना, या देशांत न्यायला आमची परवानगी आहे. शिक्का आणि सही. एडीएसीकडे, म्हणजे जर्मनीतल्या वाहनचालकांच्या संघटनेकडे, याचा अनेक भाषांतला तयार नमुना असतो, तोच भरून घेतलास तर ऑफिसालाही डोकं चालवावं लागत नाही. हे पत्र निघायच्या आदल्या दिवशी मागू नकोस. जर्मन ऑफिसातल्या उन्हाळी सुट्ट्या तुला मी काय सांगाव्यात.

पत्र मागशील तेव्हाच आणखी एक विचार: ही गाडी कुणीकुणी चालवलेली चालते? गाडी देताना तुझ्याकडून एक करारपत्र सही करून घेतलं असेल, त्यात ते लिहिलेलं असतं. बहुधा तू आणि नवरा, एवढंच. आणि इथे आपण तुझ्या पत्रातल्या सगळ्यात अवघड ओळीवर येतो.

नवऱ्यानं गाडी चालवायची नाही. क्रोएशियात नाही आणि इंगोलश्टाटमध्ये दूध आणायलाही नाही. भारतीय लायसन्स जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिने चालतं. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा देऊन इथलं घ्यावं लागतं. तू ते केलंस, तुला माहीत आहे. त्याला अडीच वर्षं झाली. दिवाळीत हजार रुपये भरून आणलेलं इंटरनॅशनल परमिट हे लायसन्सचं भाषांतर आहे. मूळ लायसन्सच इथल्या रहिवाशाला चालत नसेल, तर भाषांतरात कुठून जीव येणार? जर्मन कायद्यात हा साधा दंड नाही, गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, आणि ज्यानं चालवायला गाडी दिली त्यालाही तेच. अपघात झाला तर समोरच्याला विमा कंपनी पैसे देईल आणि मग तुमच्याकडे वसुलीला येईल. "सगळे चालवतात हो काका" असं त्या ग्रुपवर कुणीतरी म्हणेलच. ज्यांना अजून कुणी थांबवलेलं नाही, ते चालवतात.

(त्याला सांग, परीक्षेला बस. लायसन्स बदलून घेणाऱ्याला ठरावीक तासांची सक्ती नसते. दहा-बारा तासांत आपली डावीकडची सवय मोडते. पुढच्या उन्हाळ्यात निम्मं अंतर त्याचं.)

म्हणजे या वर्षी ड्रायव्हर एकटी तू. इंगोलश्टाट ते स्प्लिट सुमारे हजार किलोमीटर आहेत. ते एका दमात करू नकोस. ल्युब्ल्यानात एक मुक्काम घे. पहिला दिवस पावणेपाचशे-पाचशेचा होतो, दुसरा तेवढाच. शनिवारी निघू नकोस. किनाऱ्यावरची घरं शनिवार ते शनिवार भाड्यानं जातात, त्यामुळे त्या दिवशी निम्मा बव्हेरिया ऑस्ट्रिया-स्लोव्हेनियाच्या हद्दीवरच्या कारावांकेन बोगद्याच्या तोंडाशी उभा असतो.

मुक्काम ल्युब्ल्यानातच का, याला विन्येटचा, म्हणजे हमरस्त्यांच्या टोलच्या पासचा, हिशेबही आहे. ऑस्ट्रियात गाडीसाठी 1 दिवसाचं, 10 दिवसांचं, 2 महिन्यांचं आणि वर्षाचं विन्येट मिळतं. तुझी सहल बारा दिवसांची, म्हणून दहाचं पुरत नाही. पण ऑस्ट्रिया तू जाताना एका दिवसात आणि येताना एका दिवसात ओलांडणार, तेव्हा एकेक दिवसाची दोन घेतलीस की झालं. स्लोव्हेनियात एक दिवसाचं नसतं, आठवड्याचं किंवा महिन्याचं घ्यावं लागतं. तिथे विन्येट नसल्याचा दंड 300 युरोपासून सुरू होतो. आता काचेवर चिकटवायची गरज नाही, दोन्ही देशांत गाडीच्या नंबरावर नोंद होते. त्यामुळे सगळा भार तो नंबर बरोबर टाकण्यावर आला. शून्य की 'ओ', देश जर्मनी निवडलाय ना, तारीख जायची की यायची, हे दोघांनी मिळून वाच. आणि खरेदी ऑस्ट्रियासाठी आस्फिनागच्या, स्लोव्हेनियासाठी डार्सच्या स्वतःच्या साइटवर कर. शोधताना वर येणाऱ्या बऱ्याच साइट दलालांच्या असतात, त्याच कागदाचे जास्त पैसे घेतात. ऑस्ट्रियातला टाउअर्नचा टप्पा आणि कारावांकेन बोगदा यांचे पैसे विन्येटमध्ये येत नाहीत, ते वेगळे.

क्रोएशियात आपला जुना ओळखीचा प्रकार आहे: नाक्यावर तिकीट घ्यायचं आणि उतरताना पैसे भरायचे. तिकीट हरवलं तर सगळ्यात लांबच्या नाक्यापासूनचे पैसे लावतात. ते तिकीट बाबांकडे दे. ज्यांनी 28 वर्षं कंडक्टरची घंटी ऐकून गाडी सोडली, त्यांच्या हाती एकदा तिकिटं येऊ देत.

गाडीच्या कागदांत आता उरलं थोडंच. विम्याचं ग्रीन कार्ड. तुझ्या रस्त्यावरच्या देशांत जर्मन नंबरप्लेट हाच विम्याचा पुरावा धरतात, तरी कार्ड ठेव. अपघात झाला की कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर, सगळं त्या एका पानावर असतं. नाव ग्रीन असलं तरी 2020 पासून ते पांढऱ्या कागदावर छापलेलं चालतं, त्यामुळे विमा कंपनी ईमेलनंच पाठवते. त्यावर देशांच्या खुणांचे छोटे चौकोन असतात. ज्यावर काट मारलेली, तिथे विमा नाही. बोस्नियाच्या चौकोनावर काट आहे का, ते गंमत म्हणून बघ. आणि मागच्या नंबरप्लेटवरचं गोल स्टिकर बघ, पासिंग कधी संपतंय. वरच्या बाजूला येणारा आकडा महिन्याचा, मधला वर्षाचा.

सामान. कायद्यानं जर्मन गाडीत तीन गोष्टी असायलाच हव्यात: इशारा त्रिकोण, प्रथमोपचाराची पेटी आणि एक चमकतं जाकीट. तुझ्या गाडीत त्या असतीलही. प्रश्न त्या कुठे आहेत हा आहे.

2011 मध्ये आम्ही गार्डा सरोवराला निघालो होतो. ब्रेनरच्या पुढे, इटलीत, पाऊस पडत असताना मागचं उजवं टायर बसलं. त्रिकोण कुठे? डिकीच्या तळाशी, गालिच्याखाली. त्याच्यावर काय? दोन बॅगा, कुकर, तांदळाची पिशवी, बायकोनं कपड्यांत गुंडाळलेली शेंगदाण्याच्या चटणीची बरणी आणि तिच्या बहिणीची भलीमोठी सूटकेस. जाकीट? तेही तिथेच, त्रिकोणाच्या शेजारी, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. म्हणजे जाकीट घालायला मी जाकिटाशिवाय उतरलो आणि बाजूनं ट्रक जात असताना एकेक डाग पावसात काढून ठेवत बसलो. शेवटी त्रिकोण हाती आला तर त्याचा एक पाय मोडलेला. नंतर कळलं, स्टेपनीच्या जागी कंपनीनं हवा भरायचा छोटा पंप आणि चिकट द्रवाची बाटली दिली होती आणि त्या बाटलीची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली होती. चटणीची बरणी फुटली ती वेगळीच.

तेव्हापासून माझ्या गाडीत जाकिटं डिकीत नसतात. कायदा एक म्हणतो, तू पाच घे, त्यातलं एक लहान मुलाच्या मापाचं. प्रत्येकाचं त्याच्या दाराच्या कप्प्यात किंवा सीटखाली. गाडी बंद पडली की आधी बसल्या बसल्या जाकीट, मग रस्त्याच्या बाहेरच्या बाजूच्या दारानं उतरायचं आणि सगळ्यांनी कठड्यापलीकडे जाऊन उभं राहायचं. आईंना गाडीत बसूनच थांबावंसं वाटेल, पाऊस असला तर नक्कीच. त्यांना हे घरीच सांगून ठेव. त्रिकोण मागे दीडशे मीटरवर ठेवायचा, म्हणजे चांगली दोनशे पावलं. प्रथमोपचाराच्या पेटीवर मुदत छापलेली असते, ती बघ. चाकांच्या बोल्टला कुलूप असेल तर त्याची छोटी किल्ली कुठे आहे ते शोध. ती नसेल तर मेकॅनिकसुद्धा चाक काढू शकत नाही आणि लीझच्या गाडीत ती हमखास मागच्या माणसाबरोबर गेलेली असते.

यादीतले जादा बल्ब: क्रोएशियात जादा बल्बांचा नियम आहे, पण एलईडी दिव्यांना तो लागू नाही. तुझी गाडी नवी असेल तर तो खर्च वाचव. दिवे मात्र दिवसाही चालू ठेव, स्लोव्हेनियात ते सक्तीचंच आहे. डॅशकॅम असेल तर साल्झबुर्गच्या आधी काचेवरून काढ, ऑस्ट्रियात रस्त्याचं सारखं चित्रीकरण करणाऱ्याला दंड होतो. अग्निशामक, टोचण, दोरखंड, दुसरा त्रिकोण, सगळं यादीतून काढ.

मुलाची सीट घरचीच न्या. आणि आजीच्या मांडीवर मूल बसवणं पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. आजी म्हणतील, "तुला मी तसंच साताऱ्याहून पुण्याला नेलंय." नेलं असेल. तिथे कुणाच्या मांडीवर बसलेल्या पोरासमोर एअरबॅग नव्हती आणि एस.टी. 130 नं जात नव्हती.

वजनाचा मात्र विचार कर, कारण पाच माणसं आणि बारा दिवसांचं सामान हे कागदावर दिसतं त्यापेक्षा जड असतं. आरसीवर 'एफ.1' रकान्यात भरलेल्या गाडीचं कमाल वजन असतं, 'जी'मध्ये रिकाम्या गाडीचं, त्यात ड्रायव्हरचे 75 किलो धरलेले असतात. एकातून दुसरं वजा कर. जे उरेल त्यात बाकीचे चौघं आणि सामान. बहुतेकांना हा आकडा बघून धक्का बसतो. हवाही भरलेल्या गाडीच्या हिशेबानं भरायची. त्याचा तक्ता ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. हे काम बाबांना दे, आदल्या संध्याकाळी, टायर गार असताना.

अपघाताचा एक फॉर्म असतो, सगळ्या युरोपात एकाच आराखड्याचा. विमा कंपनीकडे मागितलास की मिळतो. दोन घे. रकान्यांचे क्रमांक प्रत्येक भाषेत तेच असतात, त्यामुळे समोरच्याचा क्रोएशियन फॉर्म तू तुझ्या जर्मन फॉर्मशेजारी धरून वाचू शकतेस. गाड्या कशा आदळल्या त्याचं चित्र काढायची जागा असते, फुल्या मारायचे चौकोन असतात. न कळलेल्या ओळीखाली सही करू नकोस. क्रोएशियात गाडीला दिसेल असा मार लागला, मग तो पार्किंगमध्ये का असेना, तर पोलिसांना बोलावून दाखला घे. परतताना हद्दीवर "हे कुठे लागलं?" विचारलं तर तोच दाखवायचा, आणि लीझ कंपनीलाही तोच लागतो. मदतीचा नंबर सगळीकडे 112.

दंडाचं म्हणशील तर परदेशात झाला म्हणून तो तिथेच राहत नाही. 70 युरोपासून पुढचा युरोपीय दंड जर्मनीत वसूल करता येतो, ऑस्ट्रियाचा तर 25 पासून. लीझच्या गाडीचं ते पाकीट आधी ऑफिसात जातं, मग तुझ्या टेबलावर.

आता बाबा. त्यांच्या लायसन्सचा प्रश्न नवऱ्यासारखा नाही. ते पाहुणे आहेत, त्यांना भाषांतराबरोबर भारतीय लायसन्सवर इथे चालवता येतं. पण तुझ्या गाडीच्या करारात त्यांचं नाव नाही, तेव्हा त्या स्टीअरिंगला त्यांचा हात लागायला नको. मला हे लिहिताना बरं वाटत नाही. केळघरच्या घाटात पावसाळ्यात रात्रीची गाडी काढणाऱ्या माणसाला "तुम्ही शेजारी बसा" म्हणणं सोपं नाही, आणि तुला ते जेवताना, जावयासमोर सांगायला लागू नये. आधीच फोनवर सांग. कारणही खरं तेच सांग: गाडी माझी नाही, कंपनीची आहे. परवानगीशिवाय दुसऱ्या आगाराची गाडी त्यांनीही कधी काढली नसेल.

आणि मग त्यांना घेऊन फेरकेअर्स-युबुंग्सप्लात्सला जा. नाव मोठं आहे, प्रकार साधा. गाडी शिकणाऱ्यांसाठी कुंपणाच्या आत बांधलेले रस्ते, चौक, चढ, सिग्नल. एडीएसीचे असतात, इतरांचेही असतात. तासाला थोडे पैसे घेतात, शिकणाऱ्याला लायसन्सही विचारत नाहीत. कंपनीची गाडी तिथेही नेऊ नकोस. एखाद्या मित्राची जुनी, गिअरची गाडी त्याला विचारून मिळव आणि त्यालाही बरोबर ने. रविवारी सकाळी तिथे बहुतेक सोळा-सतरा वर्षांची पोरं असतात, गाडी बंद पाडत, घामाघूम होत. त्यांच्यात बाबा. फक्त गाडी सुरू करायच्या आधी एवढं सांग: क्लच जिथे असतो तिथेच आहे, गिअर मात्र उजव्या हाताला आलाय. पहिली दहा मिनिटं त्यांचा डावा हात दाराच्या काचेवर आपटेल.